प्रकरण अभ्यास: कोल्हापूरच्या १८ पेट्या आणि ए-३ वर अडवलेला ट्रेलर

फेब्रुवारी महिना, बाहेर बारीक पाऊस, आणि दुपारी सव्वाबाराला फोन. "ताई, ए-३ हायवेवर पोलिसांनी बाजूला घेतलंय. पडदा उघडायला लावला. माल सरकलाय म्हणतायत." पोरगा खटाव तालुक्यातला, पुणे-बेंगलोर लाइनला सहा वर्षं गाडी मारलेला, आता सव्वा वर्ष झालं पूर्व युरोपातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरीला आहे. मी जर्मनीत ड्युइसबुर्गला एका फॉरवर्डिंगच्या, म्हणजे इतरांच्या मालाला गाड्या लावून देणाऱ्या ऑफिसात काम करते, तिथून त्याला अधूनमधून लोड मिळतो, आणि मराठी बोलणारी मी एकटीच, म्हणून काही झालं की पहिला फोन मला. मी विचारलं, माल बांधायचे बेल्ट किती टाकलेस? "नऊ, ताई. दर रांगेला एक. गच्च आवळलेत, आईशप्पत."

तो खरंच बोलत होता. नऊ होते आणि सकाळी आवळले होते तेही गच्चच. तरी गाडी जागेवर थांबवली आणि ते थांबवणं शंभर टक्के बरोबर होतं. हे का, ते मी इथे सगळं उलगडून लिहितेय, कारण युरोपात आता आपली बरीच पोरं ट्रक चालवायला येतायत आणि इकडे महाराष्ट्रात बसून युरोपला माल पाठवणारे तर कितीतरी जास्त आहेत, आणि हे प्रकरण दोघांचंही आहे.

माल होता कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतला. कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे पार्ट. न्हावा शेवाहून कंटेनरने रॉटरडॅम, तिथून ऱ्हाइन नदीतून बार्जवर ड्युइसबुर्ग, आणि तिथल्या एका गोडाऊनमध्ये कंटेनर रिकामा करून पडद्याच्या, म्हणजे बाजूंना कापड असलेल्या ट्रेलरमध्ये भरायचा आणि दक्षिण जर्मनीत बायर्नमधल्या गिऱ्हाइकाकडे न्यायचा. प्लायवूडच्या १८ पेट्या, खाली लाकडी पट्ट्या, त्यांच्यावर किडी मारायला लाकूड तापवल्याचा आयएसपीएम-१५ चा शिक्का वगैरे सगळं जागच्या जागी. एका पेटीचं वजन १,२०० किलो, माप १.२ बाय ०.८ मीटर, उंची जेमतेम कमरेपर्यंत. एकूण २१.६ टन. रिकामी गाडी साडेचौदा टनाच्या आसपास धरली तरी ४० टनांच्या मर्यादेत आपण आरामात बसतो, ओव्हरलोडचा प्रश्नच नव्हता. कॅबोटाजचे कागदही ठीक, म्हणजे परदेशी गाडीला आंतरराष्ट्रीय माल उतरवल्यावर ७ दिवसांत देशांतर्गत ३ खेपा चालतात, त्यात ही बसत होती. टॅकोग्राफ, म्हणजे गाडी किती तास चालवली ते नोंदवणारं यंत्र, स्वच्छ. लायसन्सवर कोड ९५, म्हणजे धंद्याने ट्रक चालवायच्या प्रशिक्षणाची नोंद. पोराच्या बाजूने एकही कागद कमी नव्हता.

आता पोलिसांना काय दिसलं ते त्याने व्हिडिओ कॉलवर मला दाखवलं, तसं सांगते. पेट्या दोन-दोनच्या नऊ रांगांत, म्हणजे ७.२ मीटर लांबीत उभ्या. पुढे ट्रेलरची लोखंडी भिंत आणि पहिली रांग यांच्यामध्ये २.८ मीटर मोकळी जागा. फळीवर ओली वाळू आणि लाकडाचा चुरा, फोर्कलिफ्ट पावसातून आत-बाहेर करत होती त्याची घाण. पहिल्या रांगेतली उजवीकडची पेटी ११ सेंटीमीटर पुढे सरकलेली, खाली वाळूत तिच्या पट्ट्यांचे ओरखडे स्पष्ट. नऊपैकी दोन बेल्टांचं लेबल वाचताच येत नव्हतं आणि एकाची किनार कापलेली. हे तिन्ही बेल्ट पोलिसांनी सरळ बाद केले, हिशोबात धरलेच नाहीत. लेबल नसलेला बेल्ट नवा कोरा असला तरी इथे तो बेल्ट नसतोच, आणि कापलेल्याचा नियम असा की रुंदीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त काप गेला की टाकून द्यायचा, गाठ मारून तर अजिबात वापरायचा नाही.

पेटी सरकली कुठे, तर पोरगा म्हणाला की कलोन सोडल्यावर पुढे ट्रॅफिक एकदम तुंबलं आणि त्याने जोरात ब्रेक मारला, मागून काहीतरी घासल्यासारखा आवाज आला पण आरशात सगळं ठीक दिसलं. पडद्याच्या ट्रेलरमध्ये आरशात काय दिसणार, बाहेरून पडदा ताठ दिसतो एवढंच. पुढे वेस्टरवाल्डच्या चढउतारांना लागायच्या सुमारास पार्किंगमध्ये तपासणी लावलेली होती, तिथे हात दाखवला.

इथे आपल्याकडच्या गाडीतला एक मोठा फरक सांगायला हवा, नाहीतर पोराची चूक नीट कळणार नाही. आपल्याकडच्या ट्रकला चारी बाजूंनी फाळके असतात. माल फाळक्याला टेकतो, वरून ताडपत्री आणि रस्सा, आणि रस्स्याचं खरं काम ताडपत्री उडू न देणं आणि वरचा थर पडू न देणं. धरतो फाळका. सहा वर्षं हेच डोळ्यात बसलेलं. इकडच्या ट्रेलरला बाजूला फाळका नाही, कापड आहे. पुढे भिंत आहे पण माल तिला टेकलेला नव्हता. म्हणजे त्या १८ पेट्यांना धरायला जगात दोनच गोष्टी होत्या, बेल्ट आणि खालची फळी. आणि लोक जे समजतात ते असं की बेल्ट माल धरतो. नाही हो. वरून टाकलेला बेल्ट माल धरत नाही, तो माल खाली दाबतो. धरतं ते पेटी आणि फळी यांच्यामधलं घर्षण. बेल्ट फक्त ते घर्षण वाढवतो.

एवढं एक वाक्य समजलं ना की पुढचा सगळा हिशोब आपोआप समजतो, आणि माझं म्हणणं आहे की ड्रायव्हरला पहिल्या दिवशी हेच शिकवावं, कलमं नंतर.

जर्मनीत रस्ते वाहतुकीच्या नियमांचं कलम २२ म्हणतं की माल असा ठेवायचा आणि बांधायचा की पूर्ण जोराने ब्रेक मारला किंवा अचानक स्टिअरिंग वळवलं तरी तो सरकणार नाही, पडणार नाही, कलंडणार नाही, घरंगळणार नाही, आणि विनाकारण आवाजसुद्धा करणार नाही. म्हणजे अपघात झाला तरच गुन्हा असं नाही. नेहमीच्या रस्त्यावर नेहमी येणारा जोराचा ब्रेक, त्यात माल जागचा हलता कामा नये. किती जोर धरायचा तेही ठरलेलं आहे. ईएन १२१९५-१ या युरोपियन मानकात आकडे आहेत: पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट, दोन्ही बाजूंना ०.५ पट, मागे ०.५ पट. युरोपियन युनियनच्या २०१४/४७ या निर्देशात, जो २० मे २०१८ पासून लागू आहे, रस्त्यावरच्या तपासणीत माल बांधणी कशी बघायची तेही दिलंय आणि त्यातही हेच आकडे. दोष तीन पायऱ्यांचे: किरकोळ, गंभीर, धोकादायक. आमच्या गाडीत माल सरकलेलाच होता, त्यामुळे कुठल्या पायरीत बसला ते सांगायला नको.

आता हिशोब. २१.६ टनांच्या ०.८ पट म्हणजे १७.२८ टन. जोराच्या ब्रेकला एवढा रेटा पुढे येतो. त्यातला काही भाग पेट्या स्वतःच्या वजनामुळे फळीला घासून पेलतात. स्वच्छ कोरड्या प्लायवूडच्या फळीवर रंधा न मारलेलं लाकूड असेल तर घर्षणाचा आकडा ०.४५ धरतात, म्हणजे ९.७२ टन तिथेच अडले. पण फळी झाडलेली नसेल, वाळू, बर्फ, गोठलेलं दव असेल तर ०.२ पेक्षा जास्त धरायचा नाही असं मानक सांगतं. पोलिसाने फळीवरून बोट फिरवलं, बोट पोराला दाखवलं आणि कागदावर ०.२ लिहिलं. झालं, ९.७२ चे झाले ४.३२ टन. उरलेले जवळजवळ १३ टन बेल्टांनी पेलायचे, वर सुरक्षिततेसाठी सव्वा पट.

इथे एक जुना गैरसमज येतो, तो मी ड्युइसबुर्गच्या डॉकवर जर्मन माणसांच्या तोंडूनही ऐकलाय, की "एवढा जड माल आहे, हलतोय कसला". माल जड असला की घर्षण वाढतं हे खरं, पण रेटाही तेवढ्याच पटीने वाढतो. एक टनाची पेटी आणि दहा टनांची पेटी एकाच फळीवर असतील तर एकाच ब्रेकला दोघी सुटतात. वजनाने काहीही वाचत नाही. उलट सुटल्यावर जड जास्त नुकसान करते.

आता बेल्टचं लेबल. निळं लेबल म्हणजे पॉलिएस्टर, ५० मिलीमीटर रुंद, नेहमीचा. त्यावर मोठ्या अक्षरात एलसी २५०० डीएएन, आणि कधीकधी फेऱ्यात घेतल्यावर ५०००. डीएएन म्हणजे साधारण एक किलोचा जोर समजा. पोराने हाच आकडा वाचलेला. त्याचा हिशोब सरळ होता, एक बेल्ट पाच टन, नऊ बेल्ट पंचेचाळीस टन, माल एकवीस टन, मग भ्यायचं कशाला. पण एलसी हा आकडा बेल्ट सरळ ओढीत किती सहन करतो त्याचा आहे, म्हणजे पेटीच्या कडीतून सरळ ट्रेलरच्या कडीला बांधला तर तो कामाचा. वरून टाकलेल्या बेल्टला कामाचा आकडा खाली बारीक अक्षरात असतो, एसटीएफ. रॅचेटचा, म्हणजे बेल्ट आवळायच्या खटक्याचा, दांडा हाताने ५० डीएएन जोर लावून ओढला की बेल्टमध्ये किती ताण राहतो तो हा आकडा. पोराच्या बेल्टांवर एसटीएफ ३५० होता. पाच हजार नाही, साडेतीनशे! एक बेल्ट दोन्ही बाजूंनी मिळून ७०० डीएएन खाली दाबतो, आणि ०.२ घर्षणाला त्यातले फक्त १४० डीएएन मालाला अडवायला मिळतात. एका बेल्टमागे १४० किलो. बाद न झालेले सहा बेल्ट होते, म्हणजे ८४० किलो. लागत होते सुमारे १५,९०० डीएएन.

पोलिसाने कॅल्क्युलेटरवर आकडा काढून दाखवला तो ११४ बेल्टांचा. पोराला वाटलं भाषेचा घोळ झाला, त्याने मला फोनवर विचारलं, "ताई, चौदा म्हणतोय ना?" नाही रे, एकशे चौदा.

पण ही फळी झाडून स्वच्छ केली असती तर? ०.४५ धरून, तेच ३५० वाले बेल्ट, ३० लागले असते. तेही कुणी टाकणार नाही. आता तिसरं गणित बघा, कारण सगळं प्रकरण या गणितात आहे. फळी झाडली, पेट्यांच्या खाली रबरी अँटी-स्लिप मॅटचे तुकडे घातले, घर्षण झालं ०.६, मग १७.२८ पैकी १२.९६ टन नुसत्या मॅटने पेलले. उरलं सव्वाचार टनांच्या थोडं वर, सव्वा पट करून ५.४. यात ३५० च्या जागी लांब दांड्याचे ५०० एसटीएफवाले रॅचेट घेतले की एक बेल्ट ६०० डीएएन अडवतो, आणि बेल्ट लागतात ९. बरोब्बर नऊ. पोराने टाकलेले तेवढेच. फरक कुठे, तर एका झाडूत, काही रबराच्या तुकड्यांत आणि रॅचेटच्या दांड्याच्या लांबीत. बाजूच्या दिशेला तर मॅट असताना ०.५ चा रेटा ०.६ चं घर्षण एकटंच खाऊन टाकतं.

मला त्या दिवशी रात्री झोप लागली नाही ती मात्र त्या २.८ मीटरच्या मोकळ्या जागेमुळे. माल पुढे टेकलेला असता तर निदान भिंतीने अडवला असता. इथे तो सुटला असता तर धावायला जागा होती. मी कागदावर करून पाहिलं, गाडी ०.८ ने ब्रेक घेतेय, खाली घर्षण ०.२, बेल्ट धरलेच नाहीत, तर पेटी ते २.८ मीटर एका सेकंदाच्या आत पार करते आणि भिंतीवर ताशी २० किलोमीटरने आदळते. एक नाही, अठरा. त्या भिंतीच्या पलीकडे केबिन आणि केबिनमध्ये हे पोरगं.

मग मोकळी जागा सोडलीच कशाला? त्याला कारण होतं, आणि कारण बरोबर होतं. एवढा आटोपशीर आणि जड माल पुढच्या भिंतीला चिकटवून ठेवला असता तर सगळं वजन किंगपिनवर म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीवर आलं असतं. युरोपात इंजिनने फिरणाऱ्या एक्सलला ११.५ टनांची मर्यादा आहे. मालाचा मध्य भिंतीपासून ३.६ मीटरवर आला असता तर ती कुठल्या कुठे ओलांडली असती, पुढचे टायर, ब्रेक, सगळ्यावर परिणाम, आणि काट्यावर दंड वेगळा. म्हणून गोडाऊनच्या फोर्कलिफ्टवाल्याने माल मागे, मध्यावर घेतला. अनुभवी माणूस, एक्सलचं गणित त्याच्या डोक्यात होतं. पण एक्सलसाठी मागे घेतलेला माल आता पुढे कशाला टेकणार, हा पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. त्याच्या हिशोबाने बांधणी ड्रायव्हरचं काम. ड्रायव्हरच्या हिशोबाने माल कुठे ठेवायचा ते गोडाऊनचं काम. आणि दोघांना जोडणारा कागद माझ्या टेबलावरून जायला हवा होता.

ते मी सरळ लिहिते. माझ्या ऑर्डरमध्ये होतं: पडद्याचा ट्रेलर, १८ पेट्या, २१.६ टन, वेळ सकाळी ७. बस. मॅट नाही, रॅचेट कुठले ते नाही, मोकळी जागा रिकाम्या पॅलेटनी भरायची हे नाही, एक्सलनुसार माल कुठून सुरू करायचा ते नाही. कंटेनर उतरवून ट्रेलर भरायचा माल आहे, वजन मला तीन आठवडे आधी माहीत होतं. ती ऑर्डर लिहायला मला चार मिनिटं लागली असतील, आणि चुकीची सुरुवात तिथून आहे.

गोडाऊनमध्ये काय झालं ते पोराकडून नंतर कळलं. त्याला भरताना रॅम्पवर उभंच राहू दिलं नाही, सेफ्टीच्या नावाखाली वेटिंग रूममध्ये बसवलं, चाळीस मिनिटांनी बोलावून पडदा दाखवला आणि कागदावर सही कर म्हणाले, मागे दुसरी गाडी उभी आहे. जर्मन येत नाही, इंग्रजी मोडकं. त्याने फळी बघितली होती, त्याला ती घाण आवडलीही नव्हती, पण झाडू माग म्हणजे कुणाला आणि कसं? वय अठ्ठावीस, व्हिसा मालकाच्या नोकरीवर. अशा वेळी "मी सही करणार नाही" हे वाक्य तोंडातून निघणं किती अवघड आहे ते परक्या देशात नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. कायदा त्याला नकार द्यायचा हक्क देतो, हक्कच काय, कर्तव्य म्हणतो, कारण कलम २३ प्रमाणे गाडी आणि माल नीट आहे याची जबाबदारी चालवणाऱ्यावर. पण जर्मन व्यापारी कायद्याचं कलम ४१२ हेही म्हणतं की माल वाहतुकीला सुरक्षित होईल असा चढवणं, रचणं, बांधणं हे माल पाठवणाऱ्याचं काम आहे, आणि गाडी चालवायला सुरक्षित राहील हे बघणं वाहतूकदाराचं. म्हणजे दोन्ही हात लागतात. गोडाऊनवाले मला फोनवर म्हणाले की सही झाली, आमचा संबंध संपला. तसं नसतं. सही झाली तरी संपत नाही.

त्या दिवशीचा मार्ग असा निघाला. गाडी पुढे न्यायला बंदी, त्यामुळे सामान तिथे न्यायला लागणार. पार्किंगमध्ये फोर्कलिफ्ट लावता येईना, मग पोलिसांनीच परवानगी देऊन त्यांच्या गाडीच्या मागोमाग, हळू, पुढच्या एक्झिटजवळच्या एका लाकडाच्या वखारीत नेली. आमच्या ऑफिसातला एक सहकारी मॅट आणि लांब दांड्याचे बेल्ट घेऊन ड्युइसबुर्गहून निघाला, मीही त्याच्याबरोबर गेले. एकेक पेटी उचलायची, खाली झाडायचं, कोरडं पुसायचं, ८ मिलीमीटर जाडीचे तुकडे प्रत्येक लाकडी पट्टीखाली दोन, पेटीला तीन पट्ट्या, म्हणजे पेटीमागे सहा तुकडे, अठरा पेट्यांना १०८. पेटी पूर्णपणे रबरावरच उभी राहिली पाहिजे, एक कोपरा जरी फळीला टेकला तर तेवढं वजन रबरावरून निसटतं. पोरगा स्वतः गुडघ्यावर बसून टॉर्चने प्रत्येक पट्टीखाली बघत होता. शेवटी ११ बेल्ट टाकले, दर रांगेला एक आणि पहिल्या-शेवटच्या रांगेला एकेक जास्तीचा, कोपऱ्यांवर प्लास्टिकचे कॉर्नर. कॉर्नर फक्त बेल्ट कापू नये म्हणून नसतात, त्यांच्यावरून बेल्ट घसरतो म्हणून रॅचेटच्या बाजूचा ताण पलीकडच्या बाजूला पोचतो. कॉर्नर नसले की पलीकडे ताण बराच कमी राहतो आणि आपल्याला वाटतं आवळलंय.

आवळताना अजून एक गोष्ट उघडी पडली आणि ही थेट कोल्हापूरची. ५०० चा रॅचेट पूर्ण ओढला की पेटीच्या वरच्या कडांवर दोन्ही बाजू मिळून हजार किलोच्या आसपास दाब येतो. चार पेट्यांची झाकणं मध्ये दबली. पातळ प्लाय, खाली आधार नाही. झाकण दबलं की बेल्ट सैल, बेल्ट सैल की दाब गेला, दाब गेला की घर्षण गेलं. सकाळी गच्च आवळलेले बेल्ट दुपारपर्यंत सैल झाले असणार त्याचंही हेच कारण, माझी खात्री आहे. त्या दिवशी वखारीतल्याच फळ्या झाकणांवर आडव्या टाकून भागवलं.

दुसऱ्या दिवशी मी शिरोलीला पॅकिंग बघणाऱ्या काकांना फोन लावला. आधी त्यांना राग आला. "अहो मॅडम, आमची पेटी समुद्रातनं महिनाभर येती, काय झालं नाही तिला, आणि तुमच्या गुळगुळीत रस्त्यावर फुटती व्हय?" रास्त प्रश्न आहे. कंटेनरमध्ये पेट्या एकमेकींना आणि भिंतींना टेकून, लाकडाचे ठोकळे ठोकून ठेवलेल्या असतात, वरून कुणी बेल्ट आवळत नाही, त्यामुळे झाकणावर कधी ताकदीची वेळच येत नाही. मी त्यांना व्हिडिओ पाठवला, दबलेल्या झाकणाचा. तासाभरात त्यांचा फोन परत: झाकणाच्या खालून दोन जाड बत्ते मारतो, बेल्ट जिथून जाईल तिथे वरून लाल रंगाची खूण करतो, आणि उभ्या कोपऱ्यांना आतून टेकू देतो म्हणजे दाब थेट खालच्या पट्टीवर उतरेल. मी एवढं सुचवलंही नव्हतं. वर त्यांनी विचारलं की स्ट्रेच फिल्म पेटीच्या तळातून गुंडाळतो ती चालते का. नाही चालत, लाकडाला ०.४५ मिळतो तिथे फिल्मला ०.३ च धरतात, तेव्हा ती पट्ट्यांच्या वरच थांबवा. बरं झालं विचारलं.

पैशाचं थोडक्यात. ड्रायव्हरला ६० युरो दंड आणि वर खर्च, परदेशी असल्यामुळे जागेवरच भरून घेतले. मालकाची चौकशी वेगळी. त्याच्या कंपनीतून दंड आणि खोळंब्याचे पैसे पगारातून कापायची भाषा सुरू झाली, तेव्हा मी लेखी कळवलं की माल भरताना ड्रायव्हरला हजर राहू दिलेलं नव्हतं, बेल्ट कंपनीनेच दिलेले होते आणि आमच्या ऑर्डरमध्ये सूचना नव्हत्या. मॅट, फोर्कलिफ्ट, वखार हा खर्च आमच्या ऑफिसने उचलला. कापायचं बोलणं थांबलं. गोडाऊनला दोन पत्रं लागली, पण आता त्यांच्या रॅम्पवर झाडू आणि मॅटचं पिंप आहे आणि ड्रायव्हरला पिवळं जॅकेट घालून भरताना उभं राहू देतात.

आमच्याकडे बदललं ते असं की १० टनांच्या वरच्या प्रत्येक लोडला ऑर्डरबरोबर एक पान जातं: माल भिंतीपासून किती मीटरवर सुरू, मोकळी जागा कशाने भरायची, मॅट किती, बेल्ट किती आणि कुठल्या एसटीएफचे. त्याच पानाची मराठी आणि हिंदी आवृत्ती मी स्वतः केली. ट्रेलरचं सर्टिफिकेटही आता आधी मागवतो. नुसतं एक्सएल, म्हणजे जास्त मजबूत ट्रेलरचं, स्टिकर चालत नाही, कागद केबिनमध्ये लागतो, कारण ट्रेलरच्या मजबुतीचं मानक ईएन १२६४२ प्रमाणे साध्या, एल प्रकारच्या ट्रेलरची पुढची भिंत जास्तीत जास्त ५,००० डीएएन धरते, आणि एक्सएलची भिंत ट्रेलर जेवढा माल नेऊ शकतो त्याच्या निम्म्याला टिकते, २७ टनांच्या ट्रेलरला १३,५०० डीएएन. ०.४५ च्या फळीवर आपल्या २१.६ टनांचा भिंतीवर येणारा रेटा होतो सुमारे ७,४०० डीएएन. म्हणजे कागद असेल तर भिंत एकटी पुरते, कागद नसेल तर नाही पुरत. मॅट घातली तर तोच रेटा ४,२०० च्या आसपास, मग एलची भिंतसुद्धा चालते. याला मी अजूनही मॅटचीच बाजू घेते, कागद हरवतो, रबर पेटीखालीच असतं.

पुढची खेप तीन आठवड्यांनी आली, त्याच फाउंड्रीच्या १८ पेट्या, लाल खुणांसकट, आणि मी मुद्दाम त्याच पोराला ती मागून घेतली. २.८ मीटरची जागा युरो पॅलेटच्या थप्प्यांनी भरली, एक थप्पी लांबीत आणि दोन रुंदीत, १.२ अधिक ०.८ अधिक ०.८, चपखल बसल्या. त्याने निघायच्या आधी पहिल्या रांगेच्या पुढे फळीवर खडूने रेघ मारली, हे मी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून बेल्ट तपासले, माल बसतो तसे ते थोडे ढिले होतातच, दोन-दोन खटके परत आवळले. दुपारी त्याच पार्किंगमधून फोटो आला, पडदा अर्धा उघडा, खडूची रेघ आणि तिला जिथल्या तिथे टेकलेली पेटी, खाली एक ओळ: ताई, आज कुणी अडवलं नाही, मीच थांबलो बघायला.